खेळाडू, कार्ड आणि मैदान : बेसबॉलमध्ये काय विकतात, आणि कोणाला विचारून?

29 जुलै 2015. न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर मेट्स आणि सॅन दिएगो पाद्रेस यांचा सामना रंगात आला होता, तेवढ्यात प्रेक्षकांच्या मोबाइलवर बातमी झळकली. मेट्सचा विल्मर फ्लोरेस मिलवॉकी ब्रूअर्सकडे चालला आणि त्याच्या बदल्यात कार्लोस गोमेझ येतोय! संघाने काही जाहीर केलं नव्हतं, पण स्टँडमधल्या लोकांनी फ्लोरेसला कळवलंसुद्धा. तो बॅटिंगला आला तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवत त्यांनी त्याला निरोप दिला. व्हेनेझुएलाचा हा मुलगा सोळाव्या वर्षी मेट्सकडे आला होता. दुसऱ्या कुठल्या संघाची त्याला ओळखच नव्हती. थोड्या वेळाने तो क्षेत्ररक्षण करताना डोळे पुसताना दिसला. सामना संपल्यावर संघाने सांगितलं, की असा व्यवहार झालेलाच नाही. फ्लोरेस मेट्सकडेच राहिला आणि दोन दिवसांनी वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारून त्याने सामना जिंकून दिला.

अमेरिकेत बेसबॉलचे चाहते जिथे जमतील तिथे तीन विषय हटकून निघतात. कोणाच्या बदल्यात कोण गेला, मैदानाचं नाव आता काय झालं, आणि अमक्याचं कार्ड केवढ्याला गेलं. वरवर पाहता पहिला विषय खेळाचा, दुसरा जाहिरातीचा आणि तिसरा छंदाचा. इतिहास चाळला तर मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो. लोकांच्या प्रेमावर उभ्या राहिलेल्या या खेळात नेमकं काय विकायला काढायचं, आणि ते ठरवताना कोणाला विचारायचं?

सुरुवात खेळाडूंच्या अदलाबदलीपासून, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत ‘ट्रेड’पासून. मेजर लीग या अव्वल स्पर्धेत 30 संघ आहेत. एका संघाने खेळाडूशी केलेला करार दुसऱ्या संघाकडे सोपवता येतो आणि बहुतेक खेळाडूंची त्यासाठी संमती लागत नाही. जुलैअखेरची मुदत जवळ आली, की तळाचे संघ आपले नावाजलेले खेळाडू देऊन नवी पोरं मिळवतात, आणि जेतेपदाच्या शर्यतीतले संघ पुढची चार वर्षं गहाण टाकून एखादा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणतात. मुदतीनंतर ऑगस्टमध्येही ट्रेड करण्याची पळवाट 2019पासून बंद झाल्यामुळे या मुदतीचे शेवटचे तास आणखीच धावपळीचे झाले आहेत.

या व्यवहारांतून काय काय घडावं! 4 ऑगस्ट 1982 रोजी जोएल यंगब्लडने दुपारी शिकागोत मेट्सकडून हिट मारली. सामना चालू असतानाच त्याचा ट्रेड झाला, तो फिलाडेल्फियाला पोचला आणि त्याच रात्री माँट्रियल एक्स्पोजकडून त्याने आणखी एक हिट मारली. एका दिवसात दोन शहरं, दोन संघ, दोन हिट. 1962मध्ये क्लीव्हलंडने हॅरी चिटी हा कॅचर मेट्सला दिला. बदल्यात कोण द्यायचा ते नंतर ठरणार होतं. दीड-दोन महिन्यांनी मेट्सने चिटीलाच परत पाठवलं. तो स्वतःच्याच बदल्यात गेला होता! आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी डॅनी जॅन्सन एकाच सामन्यात दोन्ही बाजूंनी खेळला. जूनमध्ये पावसाने अर्धवट राहिलेल्या सामन्यात तो टोरंटो ब्लू जेजकडे होता. ऑगस्टमध्ये तोच सामना पुढे सुरू झाला तेव्हा तो बोस्टन रेड सॉक्सचा झालेला होता. मेजर लीगच्या इतिहासात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

चाहत्यांचा खरा आनंद जुन्या सौद्यांचा हिशेब मांडण्यात असतो. 15 जून 1964 रोजी शिकागो कब्जने लू ब्रॉक सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि मुख्यतः अर्नी ब्रोग्लिओ हा पिचर घेतला. ब्रोग्लिओने कब्जसाठी एकूण सात सामने जिंकले. ब्रॉकच्या नावावर कारकिर्दीअखेर 3,023 हिट आणि 938 चोरलेले बेस जमा झाले आणि कार्डिनल्सने त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाचं जेतेपद, जिंकली. शिकागोत आजही एखादा सौदा फसला, की ‘ब्रॉक-ब्रोग्लिओ’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ऑगस्ट 1990मध्ये बोस्टनने लॅरी अँडरसन या पिचरसाठी ह्यूस्टनला जेफ बॅगवेल देऊन टाकला. अँडरसनने बोस्टनसाठी नियमित हंगामात जेमतेम 22 इनिंग टाकल्या, तर बॅगवेल 449 होम रन मारून हॉल ऑफ फेम या श्रेष्ठ खेळाडूंच्या मानाच्या दालनात गेला.

सगळेच हिशेब इतके सरळ नसतात. 1987मध्ये डेट्रॉईट टायगर्सने डॉइल अलेक्झांडर हा छत्तिशी गाठलेला पिचर घेतला आणि अटलांटाला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला, म्हणून हा सौदा फसलेल्यांच्या यादीत घालतात. पण अलेक्झांडरने त्या हंगामात डेट्रॉईटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही आणि संघाने आपला विभाग जिंकला. त्या सप्टेंबरात डेट्रॉईटच्या स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला त्याचं मोल विचारायला हवं.

सगळ्यात जास्त चर्चिला गेलेला व्यवहार तर अदलाबदल नव्हताच, ती रोख विक्री होती. डिसेंबर 1919अखेर बोस्टनचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ या आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला न्यूयॉर्क यँकीजला विकलं. किंमत एक लाख डॉलर, वर तीन लाखांचं कर्ज, आणि त्या कर्जाला तारण म्हणून चक्क बोस्टनचं मैदान फेनवे पार्क! 1918मध्ये जग जिंकलेल्या बोस्टनला पुढचं जेतेपद 2004मध्ये मिळालं. मधली 86 वर्षं तिथल्या कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या रूथचं नाव घेत काढली.

या साऱ्यात खेळाडूला कोणी विचारत नव्हतं. करारातलं ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम खेळाडूला कायमचं एका मालकाशी बांधून ठेवी. मालक त्याला विकू शके, बदलू शके, पण तो स्वतः सोडून जाऊ शकत नसे. 1922मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही असा निकाल दिला आणि मालकांचे हात आणखी बळकट झाले.

ऑक्टोबर 1969मध्ये कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाकडे पाठवायचं ठरवलं. बारा हंगाम एका शहरात काढलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू जायला तयार झाला नाही. 24 डिसेंबरला त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं, की आपण म्हणजे खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1972मध्ये 5 विरुद्ध 3 मतांनी फ्लड हरला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. पण वाट उघडली होती. दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ट्रेड नाकारण्याचा हक्क मिळाला. डिसेंबर 1975मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला आणि खेळाडू कराराची मुदत संपल्यावर मोकळे होऊ लागले. हुआन सोतोला डिसेंबर 2024मध्ये मेट्सकडून 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर मिळाले, त्याच्या मुळाशी फ्लडचा नकार आहे. फ्लड अजून हॉल ऑफ फेममध्ये नाही, ही त्या संस्थेची मोठी उणीव आहे.

फ्लडच्या खटल्याचा खर्च खेळाडूंच्या संघटनेने उचलला. ही संघटना उभी राहताना तिला बळ मिळालं ते बऱ्याच अंशी पुठ्ठ्याच्या कार्डांमधून. 1966मध्ये मार्व्हिन मिलर संघटनेचे प्रमुख झाले तेव्हा टॉप्स ही कार्ड कंपनी खेळाडूला त्याचा फोटो छापण्यासाठी वर्षाला 125 डॉलर देत होती. करार पुन्हा करू नका, असं मिलर यांनी खेळाडूंना सांगितलं. 1968मध्ये टॉप्सने रक्कम दुप्पट केली आणि विक्रीतला वाटाही दिला. पोरांनी पाच-दहा सेंटांना घेतलेल्या पाकिटांचा पैसा असा खेळाडूंच्या लढ्याच्या कामी आला.

कार्डांचा इतिहास खेळाइतकाच जुना म्हणावा असा आहे. 1880च्या दशकात सिगारेटचं पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठा घालत आणि त्यावर खेळाडूचं चित्र छापत. 1909 ते 1911च्या दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या कार्डांमध्ये पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं कार्ड होतं. वॅग्नरने परवानगी दिली नाही, त्यामुळे त्याची छपाई लवकर थांबली. कारण तंबाखूचा तिटकारा की मोबदल्याचा वाद, यावर आजही तावातावाने बोललं जातं. पन्नास-साठच प्रती माहीत आहेत. ऑगस्ट 2022मध्ये त्यातली एक 72.5 लाख डॉलरना गेली. 1933मध्ये गाउडी या च्युइंगगम कंपनीने 106 क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. संच पुरा करायला मुलं पाकिटांमागून पाकिटं फोडत राहिली. पालकांच्या तक्रारी आल्या तेव्हा कंपनीने पुढच्या वर्षी नॅप लाजोईचं ते कार्ड छापून मागणाऱ्यांना टपालाने पाठवलं.

ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीत साय बर्गर यांनी 1952चा संच आपल्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आखला. पुढे रंगीत चित्र, मागे आकडे. तोच साचा पुढे रूढ झाला. त्या संचाचा शेवटचा हप्ता उशिरा बाजारात आला आणि पडून राहिला. 1960मध्ये गोदाम मोकळं करायला बर्गर यांनी पेट्याच्या पेट्या अटलांटिक समुद्रात बुडवल्या. त्यात मिकी मँटलचं 311 क्रमांकाचं कार्डही होतं. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट 2022मध्ये 1.26 कोटी डॉलरना विकली गेली.

ट्रेड आणि कार्ड यांचं नातंही गमतीचं आहे. हिवाळ्यात खेळाडू बदलला, की टॉप्सचे चित्रकार जुन्या फोटोवर नवी टोपी रंगवून टाकत. 1976मध्ये ऑस्कर गॅम्बलच्या प्रचंड केसांवर रंगवलेली यँकीजची टोपी संग्राहकांना आजही हसवते. 1974मध्ये तर पाद्रेस संघ वॉशिंग्टनला जाणार हे गृहीत धरून टॉप्सने पंधरा कार्डांवर त्या शहराचं नाव छापलं. ऐनवेळी मॅकडोनाल्ड्सचे रे क्रॉक यांनी संघ विकत घेऊन सॅन दिएगोतच ठेवला. कधीच न खेळलेल्या संघाची ती कार्डं तेवढी मागे राहिली.

पण छंदाला बाजाराने गाठलं. 1980च्या न्यायालयीन निकालाने टॉप्सची मक्तेदारी मोडली, फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या आल्या, 1989मध्ये अपर डेक आली आणि तिच्या पहिल्या क्रमांकाच्या कार्डावर केन ग्रिफी ज्युनियर झळकला. मुलांच्या शिक्षणाला पुढे उपयोगी पडतील म्हणून लोकांनी खोकीच्या खोकी भरून ठेवली. कंपन्यांनीही मागेल तितकी छापली. परिणाम असा, की 1986 ते 1993 या काळातली बहुतेक कार्डं आज कवडीमोल आहेत. पेटीत जपलेली वस्तू प्रत्येकाच्याच पेटीत असेल तर तिची किंमत वाढायची कशी?

नंतर दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या आल्या. कार्ड त्यांच्याकडे पाठवायचं, त्या एक ते दहा गुण देऊन प्लॅस्टिकच्या कवचात बंद करून परत पाठवणार. पीएसए ही त्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी 1991मध्ये सुरू झाली. तिने पहिल्यांदा गुण दिले ते होनस वॅग्नरच्या एका प्रसिद्ध प्रतीला. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ती 4,51,000 डॉलरना घेतली होती. 2013मध्ये विक्रेते बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केलं, की विकण्यापूर्वी आपण तिच्या कडा कापल्या होत्या. ज्या प्रतीवर गुणांकनाच्या धंद्याचा पाया घातला गेला, तीच छेडछाड केलेली निघाली. त्यानंतरही धंदा वाढतच गेला. करोनाच्या काळात मागणी इतकी वाढली, की 2021च्या वसंतात पीएसएला बहुतेक नवी कार्डं घेणं थांबवावं लागलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, आणि टार्गेटने काही काळ दुकानांतली कार्डांची विक्रीच बंद केली.

याच्या अगदी उलट टोकाला जेफरसन बर्डिक होते. संधिवाताने बोटं आखडलेल्या या साध्या नोकरदार माणसाने देशभरातली छापील कार्डं गोळा करून त्यांची पद्धतशीर सूची बनवली. वॅग्नरच्या मालिकेला आज ज्या टी-206 या नावाने ओळखतात, ते त्यांच्याच सूचीतलं. तीन लाखांहून जास्त छापील वस्तूंचा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला आणि हातांनी काम होईनासं होईपर्यंत तिथे बसून ती कार्डं वह्यांमध्ये डकवली. 1963मध्ये ते गेले. आजही तो ठेवा त्या म्युझियममध्ये जपलेला आहे.

आता कार्डं छापण्याच्या परवान्याचं चक्र पुन्हा एका कंपनीभोवती फिरतं आहे. ऑगस्ट 2021मध्ये फॅनॅटिक्स या कंपनीने मेजर लीगच्या कार्डांचे हक्क मिळवले आणि जानेवारी 2022मध्ये टॉप्सच विकत घेतली. तरी पाकीट फोडण्यातला थरार संपलेला नाही. डिसेंबर 2024मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सच्या पदार्पणाच्या जर्सीवरचं चिन्ह बसवलेलं, जगात एकच असलेलं कार्ड मिळालं. पिट्सबर्ग पायरेट्सने त्याच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. मुलाच्या घरच्यांनी नकार दिला आणि लिलावात कार्ड सुमारे 11 लाख डॉलरना गेलं.

आता मैदानांची नावं. पूर्वी सगळं पवित्र होतं, हा समज खरा नाही. शिकागोच्या रिग्ली फील्डला नाव मिळालं ते संघाचे मालक आणि च्युइंगगमचे कारखानदार विल्यम रिग्ली यांच्यामुळे. सेंट लुइसमध्ये 1953मध्ये संघाचे मालक ऑगस्ट बुश यांना मैदानाला बडवायझर हे बीअरचं नाव द्यायचं होतं. विरोध झाला म्हणून त्यांनी घराण्याचं नाव दिलं आणि दोनच वर्षांत बुश नावाची बीअर बाजारात आणली. तरीही ही माणसं संघाची मालक होती, गावात राहणारी होती. नावाची मुदत संपत नव्हती.

मुदतीचं नाव ही नंतरची गोष्ट, आणि तिचे तोटे ह्यूस्टनला लवकर दिसले. 2000मध्ये नवं मैदान ‘एन्रॉन फील्ड’ म्हणून उघडलं. करार तीस वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा. डिसेंबर 2001मध्ये एन्रॉनचं दिवाळं निघालं. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला त्या कंपनीची वेगळी ओळख करून द्यायला नको. ह्यूस्टन अॅस्ट्रोजने 21 लाख डॉलर मोजून स्वतःच्याच मैदानाचं नाव सोडवून घेतलं. मग ते मिनिट मेड पार्क झालं, 2025पासून डायकिन पार्क आहे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचं मैदान 2000पासून पॅसिफिक बेल, एसबीसी, एटी अँड टी आणि ऑरेकल अशी चार नावं बदलून मोकळं झालं. त्यातले दोन बदल तर फोन कंपन्यांच्या विलीनीकरणामुळे झाले. न्यूयॉर्कमध्ये शे स्टेडियम पाडून 2009मध्ये सिटी फील्ड उभं राहिलं. विल्यम शे हे शहरात नॅशनल लीगचा संघ परत आणण्यासाठी झटलेले वकील. त्यांच्या जागी ‘सिटी’ हे बँकेचं नाव आलं. सरकारी मदतीवर तगलेल्या बँकेने वीस वर्षांत 40 कोटी डॉलर यावर खर्चावेत का, असा सवाल काही काँग्रेस सदस्यांनी केला, पण करार टिकला.

चाहते मात्र जुनी नावं सोडत नाहीत. टोरंटोत स्कायडोम, क्लीव्हलंडमध्ये जेकब्ज फील्डचं ‘द जेक’, शिकागोच्या दक्षिण भागात कमिस्की. या शेवटच्या मैदानाची मालकी इलिनॉय राज्याच्या प्राधिकरणाकडे आहे, ते लोकांच्या पैशातून उभं राहिलं, तरी 2003पासून त्याला यूएस सेल्युलर, मग गॅरंटीड रेट आणि आता रेट अशी नावं मिळत गेली. लोकांना विचारलं गेलं नाही.

विचारलं गेलं ते सॅन फ्रान्सिस्कोत. शहराच्या मालकीचं कँडलस्टिक पार्क 1995नंतर थ्रीकॉम आणि मग मॉन्स्टर झालं. नोव्हेंबर 2004मध्ये मतदारांनी कौल दिला, की चालू करार संपला की मैदान पुन्हा कँडलस्टिक म्हणूनच ओळखलं जावं. 2009मध्ये त्याच मतदारांनी नाव विकायला परवानगीही दिली, पण उत्पन्नातला अर्धा वाटा शहरातल्या क्रीडा-करमणूक केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायची अट घालून. नाव विकावं की न विकावं यापेक्षा पैसा कोणाला मिळावा, हे लोकांनी अधिक नेमकं ठरवलं.

मुंबईच्या क्रिकेटप्रेमींना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. 2023च्या अखेरीस हार्दिक पांड्या ट्रेडमधून गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला आणि 2024च्या हंगामात वानखेडेवर त्याच्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. तो राग खरा होता, पण पोचला चुकीच्या माणसाकडे. सौदा मालकांचा आणि शिव्या खेळाडूला, हे अमेरिकेने शंभर वर्षं पाहिलं आहे.

तिन्ही बाजार एकत्र ठेवून पाहिले, तर निकाल स्पष्ट दिसतो. ज्याचा संबंध आहे त्याला विचारलं गेलं, तिथे व्यवहार सुधारला. खेळाडूंना बोलायचा हक्क मिळाला, त्याने खेळ बुडाला नाही, उलट वाढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी नावाच्या बाजारालाही शिस्त लावून दाखवली. कार्डांच्या बाजारात मात्र खरेदीदार अजून एकटा आहे. छापणारी कंपनी एक, गुण देणाऱ्या कंपन्या खासगी, आणि मुलाच्या हातातल्या पाकिटात काय निघण्याची शक्यता किती, हे समजावून सांगणारं कोणी नाही. म्हणून सार्वजनिक पैशातून बांधलेल्या प्रत्येक मैदानाचं नाव विकण्याआधी त्या शहराचा कौल घ्यावा, नावाच्या उत्पन्नातला ठरावीक भाग गल्लीबोळातल्या मैदानांसाठी राखावा, आणि कार्डांना गुण देणाऱ्यांवर स्वतंत्र तपासणी असावी. आवडत्या खेळाडूच्या सौद्यावर रात्र-रात्र बोलणाऱ्या चाहत्यांनी या तीन मागण्याही तितक्याच जोराने लावून धरायला हव्यात.